बाद झालेला स्पर्धक आणि मेलेला सुपरहिरो, दोघंही परत का येतात?

रिमोटधारी

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते लिहूनच टाकतो. माझ्या बघण्यात दोनच गोष्टी जास्त, एक म्हणजे रिअ‍ॅलिटी शो (गाण्याचे, स्वयंपाकाचे, बेटावर नेऊन उपाशी ठेवायचे, सगळेच) आणि दुसरं सुपरहिरो. घरचे म्हणतात दोन्हीला अक्कल लागत नाही, ते सोडा. पण मला वाटतं या दोन्ही प्रकारांना एकच रोग लागलाय. कोणीच कायमचं जात नाही.

एलिमिनेशन बघा. लाल दिवे, ढोल, अँकरच्या हातात पाकीट, कॅमेरा स्पर्धकाच्या आईच्या हातांवर, ती रुमाल पिळतेय पिळतेय आणि ब्रेक. ब्रेकनंतर तेच सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग एकजण जातो, सगळे गळ्यात पडून रडतात, आपणही उगाच घसा खाकरतो. आणि काही आठवड्यांनी तोच गडी धुराच्या पडद्यातून हसत हसत आत. वाइल्ड कार्ड! मग मी मागे गहिवरलो होतो त्याचं काय करायचं?

सुपरहिरोंचं तेच. 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'मध्ये (२०१९) आयर्न मॅन गेला. २००८ पासून चालत आलेली गोष्ट, तीन तासांचा सिनेमा, थिएटरात चांगली मोठी माणसं नाक पुसत होती. आणि २०२४ मध्ये जाहीर झालं की रॉबर्ट डाउनी ज्युनियर परत येतोय, आता डॉक्टर डूम नावाचा खलनायक म्हणून. पात्र वेगळं आहे हो, मान्य. चेहरा तोच आहे ना!

तर प्रश्न साधा आहे. असं कोणी परत आलं की तुम्ही बघायचं सोडता का? आणि सोडत नसाल तर का नाही?

सानिका_पी

सोडत नाही. चिडते, दोन भाग बघत नाही, मग यूट्यूबवर क्लिप येते आणि पुन्हा सुरू.

धूमकेतू

थॉरच्या भावाला, लोकीला विसरलात का? २०११ मध्ये अंतराळात पडला, २०१३ मध्ये भावाच्या मांडीवर मेला, २०१८ मध्ये खलनायक थॅनोसने गळा दाबला आणि वर म्हणाला की आता पुन्हा जिवंत होणं नाही. लेखकालाच लोकांची शंका माहीत होती बघा. आणि २०२१ मध्ये लोकीची स्वतःची मालिका आली!

अनघा७

मला ही तुलनाच पटत नाही. सुपरहिरो कागदावरचा आहे, त्याला मारा, जिवंत करा, पुन्हा मारा, त्याचं काय बिघडतं. स्पर्धक खरा माणूस आहे. तो बाद होतो तेव्हा त्याचा अपमान खरा असतो, घरी जातो तेव्हा शेजारीपाजारी विचारतात ते खरं असतं. त्याला दुसरी संधी मिळाली तर तुमचं नक्की काय जातं? एखाद्याचा त्या दिवशी घसा बसलेला असतो, एखाद्याला गाणंच चुकीचं दिलेलं असतं. तुम्हाला वाइल्ड कार्डचा राग येतो कारण तुम्ही त्याला पात्र समजताय. रडून झालं, आता त्याने पडद्यामागे जावं. हे जरा क्रूर नाही का?

रिमोटधारी

@अनघा७, क्रूर मी नाही, शो आहे. त्याला पात्र त्यांनीच बनवलंय. पहिल्या भागात त्याचं गाणं दीड मिनिट आणि त्याच्या वडिलांचं आजारपण चार मिनिटं. सुपरहिरोला जशी मूळकथा असते ना, आईबाप गल्लीत मारले गेले, कोळी चावला, ग्रह फुटला, तशीच ही. एकाही स्पर्धकाला मूळकथेशिवाय टॉप टेनमध्ये शिरताना बघितलंय का?

खिडकीतला कावळा

"माझं बालपण अत्यंत सुखात गेलं, आईवडील दोघंही ठणठणीत आहेत आणि मला गाता येतं." ऑडिशनमधूनच घरी.

शेंडेफळ

कावळा, हाहाहा. पार्श्वसंगीत सुरू करायलाच जागा नाही बिचाऱ्यांना.

कातरकाम

या विषयावर थोडं आतलं सांगतो. मी काही वर्षं अशा एका शोच्या एडिटिंगच्या टीममध्ये होतो, चॅनेलचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

पहिली गोष्ट, प्रेक्षकाला वाटतं की शो घडतो आणि मग दाखवतात. उलटं असतं. शेकडो तासांचं फुटेज येतं, त्यात काय काय आहे हे लिहून काढायला वेगळी पोरं बसलेली असतात, आणि त्या कागदांवरून ठरतं की या आठवड्याची गोष्ट काय. मग त्या गोष्टीला लागणारे तुकडे शोधायचे. परीक्षकाचा तो 'अरे बापरे' चेहरा असतो ना, तो त्याच गाण्यावरचा असेल असं काही नाही, कधी कधी तो एसी जास्त झालाय म्हणून वळलेला असतो. स्पर्धक खुर्चीवर बसून कॅमेऱ्याशी बोलतात त्या मुलाखतींमध्ये शर्ट तोच घालायला सांगतात, म्हणजे आजचं वाक्य कालच्या प्रसंगाला लावता येतं.

आणि एक खूण सांगून ठेवतो. स्पर्धक बोलत असताना वाक्याच्या मध्येच चित्र बदललं, म्हणजे आवाज त्याचा पण पडद्यावर दुसऱ्या कोणाचा चेहरा किंवा नुसती इमारत, तर कान टवकारा. बऱ्याचदा तिथे दोन वेगळ्या दिवसांची दोन अर्धी वाक्यं जोडलेली असतात. नीट ऐकलंत तर श्वास चुकीच्या जागी सापडतो. "मला तिचा राग येतो" असं ती बाई म्हणाली असेल, पण 'तिचा' हा शब्द मंगळवारचा आणि 'राग येतो' हे शुक्रवारी उशिरा आलेल्या गाडीबद्दल.

आता वाइल्ड कार्डचं. त्यात न्यायबिय काही नसतो, @अनघा७ यांचा मुद्दा माणूस म्हणून बरोबर असला तरी. कोण परत येणार हे कोणाची गोष्ट अर्धवट राहिलीय त्यावरून ठरतं. ज्याचं भांडण मिटलेलं नाही तो परत येतो. चांगला गाणारा पण कोणाशीच न भांडलेला पोरगा कायमचा घरी जातो.

सानिका_पी

बापरे. आता मी प्रत्येक इमारतीचा शॉट आला की कान लावून बसणार.

तिसरी घंटा

@कातरकाम, छान माहिती, पण सगळेच शो असे नसतात हो. ब्रिटनमधला 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' बघा. २०१० पासून चालू आहे. तंबूत बसून केक करायचे, जिंकणाऱ्याला रोख रक्कम नाही, केक ठेवायचा एक स्टँड आणि फुलांचा गुच्छ. एकाचं काही सांडलं तर बाजूचा स्पर्धक धावत येऊन मदत करतो. तिथे कोणी बाद झालं की मला खरंच वाईट वाटतं, आणि ती व्यक्ती पुढच्या आठवड्यात धुरातून येणार नाही याची खात्री असते म्हणूनच वाटतं. म्हणजे रिमोटधारींचा मुद्दा उलट्या बाजूने खरा ठरतो.

बंड्या वादळ

स्पर्धकांनी एकमेकांना मदत केली तर त्याला स्पर्धा का म्हणायचं? सत्संग म्हणा. मला भांडणंच बघायची असतात, उगाच खोटं कशाला बोलू.

धूमकेतू

मूळ धाग्यासाठी एक जबरदस्त गोष्ट आहे, कोणाला माहीत नसेल तर सांगतो. सुपरहिरो आणि फोनवरचं व्होटिंग या दोन गोष्टी आधीच एकदा एकत्र आल्यात. तेही १९८८ मध्ये.

बॅटमनचा जोडीदार रॉबिन. पहिला रॉबिन मोठा होऊन बाहेर पडला म्हणून दुसरा आणला, जेसन टॉड. तो वाचकांना आवडेना. उर्मट वाटायचा. तर डीसी कॉमिक्सचे संपादक डेनिस ओ'नील यांनी काय करावं? अंकात जोकर त्या पोराला पहारीने बदडतो, स्फोट होतो, आणि अंकाच्या शेवटी दोन फोन नंबर. एकावर फोन केला तर रॉबिन जगणार, दुसऱ्यावर केला तर मरणार. कॉलला ५० सेंट. ३६ तास लाइन चालू होत्या. निकाल: मरावा ५३४३, जगावा ५२७१. फक्त ७२ मतांनी पोरगं गेलं! पुढच्या अंकाची दोन्ही पानं काढून तयार होती, जगला तर हे, मेला तर ते.

म्हणजे बघा, प्रेक्षकांच्या मतांनी एलिमिनेशन, पैसे देऊन मत, थोडक्यात निकाल, सगळं. आपल्याकडे 'इंडियन आयडॉल' यायच्या १६ वर्षं आधी.

शेंडेफळ

काय सांगता! पन्नास सेंट खर्च करून एका मुलाला मारलं लोकांनी?

धूमकेतू

हो, आणि कोणीतरी कॉम्प्युटर लावून पुन्हा पुन्हा फोन केले अशी चर्चा तेव्हापासून आहे, खुद्द ओ'नील यांनीही तसं ऐकल्याचं सांगितलंय. खरं खोटं देव जाणे. फेक व्होटिंगची बोंब पण तेवढीच जुनी.

अनघा७

आणि तो जेसन टॉड परत आला की नाही? मला उत्तर माहीत आहे असं वाटतंय.

धूमकेतू

२००५ मध्ये. रेड हूड नावाने, बॅटमनवर चिडलेला. तोपर्यंत कॉमिक्सवाल्यांत एक म्हणच होती की इथे कोणीच मेलेलं राहत नाही, फक्त बकी (कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार), जेसन टॉड आणि अंकल बेन (स्पायडरमॅनचे काका) सोडून. तर त्याच २००५ मध्ये बकीपण परत आला, विंटर सोल्जर म्हणून. उरले अंकल बेन. ते परत आले तर स्पायडरमॅनच्या गोष्टीत काही उरणारच नाही म्हणून राहिलेत बिचारे.

खिडकीतला कावळा

लोकांनी मत देऊन बाहेर काढलेला, आतल्यांवर राग धरून परत आलेला, आल्या आल्या हाणामारी. हा तर बिग बॉसचा वाइल्ड कार्ड झाला.

बंड्या वादळ

कावळ्या, 'बिग बॉस'मध्ये वाइल्ड कार्डवाला जिंकलापण आहे. ओटीटीचा दुसरा सीझन, २०२३, एल्विश यादव. बाकीचे कधीपासून आत सडतायत आणि हा मधूनच येऊन ट्रॉफी घेऊन गेला. तेव्हा कोण कोण ओरडलं होतं आठवतंय. मी नाही ओरडलो. बाहेरची हवा बघून आत येणं हेपण एक डोकंच आहे.

रिमोटधारी

बंड्या, तो बाद होऊन परत आला नव्हता, नवीन होता. ते वेगळं प्रकरण. माझा राग बाद होऊन परत येणाऱ्यांवर आहे. त्याचं सर्वांत वाईट उदाहरण म्हणजे अमेरिकेतला 'सर्व्हायव्हर'. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी: बेटावर लोक सोडायचे, दर काही दिवसांनी आपापसात मत देऊन एकाला हाकलायचं, आणि गंमत म्हणजे शेवटी विजेता कोण हे हाकललेल्यांतलेच लोक ठरवतात. म्हणजे ज्याला लाथ मारली त्याच्याच मतावर जिंकायचं. इतका सुंदर नियम दुसऱ्या कुठल्याच शोमध्ये नाही. मूळ कल्पना स्वीडनची, १९९७, अमेरिकेत २००० मध्ये आली.

आणि २०१९ च्या ३८ व्या सीझनमध्ये त्यांनी काय केलं, तर हाकललेल्यांना घरी न पाठवता दुसऱ्या एका ओसाड बेटावर ठेवलं. त्यातला क्रिस अंडरवुड नावाचा माणूस, तिसराच बाद झालेला, आठव्या दिवशी! तो खेळ संपत आला असताना परत आला आणि जिंकला. दहा लाख डॉलर. मधले सगळे दिवस आत राहून डोकं चालवणारे बघत बसले. त्यानंतर मी तो शो बघणं बंद केलं. हा माझा या विषयावरचा शेवटचा शब्द, रक्तदाब वाढतो.

तिसरी घंटा

रिमोटधारी, अर्धीच गोष्ट सांगताय. क्रिस परत आल्यावर त्याने काय केलं ते गाळलंत. शेवटच्या चौघांत असताना त्याच्या गळ्यात अभयाची माळ होती, म्हणजे त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं, सरळ फायनलमध्ये. ती माळ त्याने काढून दिली आणि सर्वांत तगड्या स्पर्धकाशी, रिक डेव्हन्सशी, आग पेटवण्याच्या लढतीत उतरला. हरला असता तर पुन्हा बाहेर, आणि आयुष्यभर लोक हसले असते. का केलं? कारण त्याला माहीत होतं की आपण आठव्या दिवशी गेलेला माणूस, मतं देणाऱ्यांना दाखवायला आपल्याकडे काहीच नाही. मला तर तो सगळ्या सीझनमधला सर्वांत धीट क्षण वाटतो. आणि मतं देणारे कोण होते? जे त्याच्याबरोबर त्या ओसाड बेटावर राहिले होते तेच बरेचसे. यात अन्याय आहे, मान्य. पण फुकट मिळालं असं नाही म्हणता येणार.

सानिका_पी

एखादा माणूस अभयाची माळ काढून देतो आणि तुम्ही रक्तदाबाच्या गोष्टी करताय, रिमोटधारी.

रिमोटधारी

ठीक आहे, ठीक आहे. आग पेटवणं मीही बघितलं होतं. हात थरथरत होते त्याचे. तरीपण!

खिडकीतला कावळा

"हा माझा शेवटचा शब्द" म्हणून गेलेले रिमोटधारी तीन प्रतिसादांत परत. वाइल्ड कार्ड एन्ट्री, धूर सोडा रे कोणीतरी.

शेंडेफळ

आमच्या ऑफिसात साहेब निवृत्त झाले, निरोप समारंभ झाला, भाषणं झाली, एक बाई रडल्या. सोमवारी साहेब सल्लागार म्हणून त्याच खुर्चीत. तेव्हापासून मी कोणाच्याही निरोपाला वर्गणी देत नाही.

अनघा७

शेंडेफळ, हे आवडलं.

बरं, परत यायच्याही तऱ्हा असतात ना. 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'चं २००८-०९ चं पर्व आठवा. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत यांना कोणी हरलेले म्हणतं का आजही? आणि २०२१ मध्ये त्याच पाचजणांना त्याच कार्यक्रमात लहान मुलांसमोर परीक्षक म्हणून बसवलं. तेही परतच आले की. त्यांना बघून माझा काही अपेक्षाभंग झाला नाही, उलट मुग्धाकडे बघून आपण किती म्हातारे झालो असंच वाटलं.

आणि कितीतरीजण शोच्या बाहेर परत आले. अरिजित सिंग २००५ च्या 'फेम गुरुकुल'मध्ये फायनलच्या आधीच बाद झाला होता. जेनिफर हडसन 'अमेरिकन आयडॉल'मध्ये २००४ साली सातवी आली आणि २००७ मध्ये हातात ऑस्कर. आता मला सांगा, त्या दिवशी ज्यांनी एसेमेस केले नाहीत त्यांच्या मताला काय अर्थ उरला?

बंड्या वादळ

अर्थ एवढाच की मोबाइल कंपनीचं भलं झालं.

कातरकाम

अरिजितचं उदाहरण सगळे देतात पण त्यातून उलटाही अर्थ निघतो. तो बाहेर पडल्यावर बरीच वर्षं स्टुडिओत दुसऱ्या संगीतकारांच्या हाताखाली काम करत होता, प्रोग्रामिंग वगैरे. टीव्हीने परत बोलावून धुरातून आणला असता तर कदाचित तो एक 'परत आलेला स्पर्धक' म्हणूनच राहिला असता. ज्यांना आम्ही परत आणायचो त्यांना सीझन संपल्यावर कोण विचारायचं? मी फोन नंबर ठेवले होते काहींचे. जाऊ दे.

धूमकेतू

विषय सुपरहिरोंकडे नेतो जरा. माझ्या मते मरण नीट लिहिलेला सुपरहिरो सिनेमा म्हणजे 'लोगन' (२०१७). म्हातारा, खोकणारा, लंगडणारा वुल्व्हरिन. शेवटी ती पोरगी कबरीवरचा क्रॉस काढून आडवा करते, इंग्रजी एक्ससारखा. संपलं. मी अंधारात उगाच बुटाची लेस बांधत बसलो होतो. आणि २०२४ ला 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'. सुरुवातच काय, तर डेडपूल त्याच लोगनची कबर उकरतो आणि त्याच्या हाडांनी मारामारी करतो! नाचतोपण! म्हणजे माझ्या अश्रूंचा सांगाडा काढून त्याने माणसं मारली.

आणि सांगायला लाज वाटते, मी खूप हसलो.

सानिका_पी

मीही. पण तिथे ते निदान लपवत नव्हते ना. "हो, आम्ही पैशासाठी कबर उकरतोय" असं तोंडावर सांगतात. वाइल्ड कार्डवाले मात्र "जनतेच्या प्रेमाखातर" म्हणतात तेव्हा डोकं फिरतं.

तिसरी घंटा

पैशावरून आठवलं. सुपरमॅनला १९९२ मध्ये मारलं तो अंक काळ्या पिशवीत सीलबंद विकला, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. साठ लाखांवर प्रती खपल्या. लोकांनी उघडलासुद्धा नाही, पुढे किंमत येईल म्हणून जपून ठेवला. १९९३ मध्ये सुपरमॅन परत, आणि ज्याच्या त्याच्या कपाटात तोच अंक असल्यामुळे त्याला कसली किंमत येणार. मेलेला परत येतो म्हणून मरणही खपतं आणि येणंही खपतं. दोनदा विक्री. @रिमोटधारी तुमच्या "का येतात" याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

निवांत

आत्ताच सगळा धागा वाचला. एक विसरलेली गोष्ट: रिअ‍ॅलिटी शो आणि सुपरहिरो यांचं खरंखुरं लग्न २००६ मध्ये लागलं होतं. 'हू वाँट्स टू बी अ सुपरहिरो?' नावाचा अमेरिकन शो, परीक्षक खुद्द मार्व्हल कॉमिक्सचे स्टॅन ली. सामान्य लोकांनी स्वतःचा सुपरहिरो बनवून यायचं, कपडे शिवून, नाव ठेवून, शक्ती ठरवून.

पहिल्याच भागात त्यांना सांगितलं की गुपचूप कुठेतरी कपडे बदला आणि धावत ठरलेल्या जागी पोचा. सगळे जीव खाऊन धावले. वाटेत एक लहान मुलगी रडत उभी होती, हरवलेली. बहुतेक जण तिच्या बाजूने पळून गेले. परीक्षा धावण्याची नव्हतीच, त्या मुलीजवळ कोण थांबतं याची होती. थांबणारे मोजकेच. त्या जोकरासारख्या रंगीत कपड्यांतल्या लोकांचे चेहरे, त्यांना हे नंतर कळल्यावरचे, ते मी कधी विसरणार नाही. एकही इमारतीचा शॉट नको लागला.

जिंकलेल्याच्या पात्रावर स्टॅन लीने कॉमिक लिहिलं. शो दोन सीझन चालला. हा प्रकार कोणी मराठीत आणला तर मी रोज बघेन.

खिडकीतला कावळा

मराठीत आणला तर त्या मुलीची मूळकथा चार मिनिटं दाखवतील आणि स्पर्धक ब्रेकनंतर थांबेल.

बंड्या वादळ

आणि मुलगी पुढच्या आठवड्यात वाइल्ड कार्डने परत हरवेल.

शेंडेफळ

मरतेय मी हसून.

'शक्तिमान'ला का कोणी आठवत नाहीये? १९९७, दूरदर्शन. शेवटी "सॉरी शक्तिमान" म्हणायला लावायचे ते. आमच्या घरी अजून काही सांडलं की तेच म्हणतात.

अनघा७

शक्तिमान आवडायचाच, पण मला खरा आवडलेला देशी सुपरहिरो म्हणजे 'मिन्नल मुरली' (२०२१, मल्याळम). शिंपी आहे तो. वीज एकाच रात्री दोघांवर पडते आणि दुसरा जो खलनायक होतो ना, त्याची बाजू इतकी नीट मांडलीय की तो जिंकावा असं वाटायला लागतं. त्याला ना दुसरी संधी मिळते, ना वाइल्ड कार्ड. म्हणून तो लक्षात राहतो. (हो, मी रिमोटधारींच्या बाजूने बोलतेय असं दिसतंय. योगायोग समजा.)

निवांत

आपल्याकडे यावर आधीच विचार झालेला आहे की. अभिमन्यू आठवा. चक्रव्यूहात गेला, मेला, परत आला नाही. तो पुढच्या पर्वात धुरातून आला असता तर अर्जुनाची जयद्रथाला मारायची प्रतिज्ञा म्हणजे निव्वळ आरडाओरडा ठरला असता. कृष्ण बाजूला असूनसुद्धा भाच्याला जिवंत करत नाही, हे लक्षात घ्या.

पण कच परत येतो. दैत्य त्याला मारतात, देवयानी रडते, शुक्राचार्य संजीवनी म्हणतात, कच उठून उभा. पुन्हा मारतात, पुन्हा उभा. इथपर्यंत सरळ कॉमिक आहे. मग तिसऱ्या वेळी दैत्य त्याची राख मद्यात कालवून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कच परत आणायचा तर गुरूचं पोट फाडूनच बाहेर येणार. मुलगी म्हणते दोघंही पाहिजेत. मग गुरू पोटातल्या कचाला आपली विद्या शिकवतो, कच बाहेर येतो, गुरू मरतो, कच गुरूला उठवतो. आणि पुढे देवयानी लग्नाचं विचारते तर कच म्हणतो मी तुझ्या बापाच्या पोटातून आलो, आपण भावंडं झालो. परत आला, पण तिच्यासाठी गेला तो गेलाच, वर दोघांनी एकमेकांना शाप दिले ते वेगळंच.

मला वाटतं परत येण्यावर राग नसावा. कोणाचं तरी पोट फाटलं पाहिजे एवढंच.

धूमकेतू

निवांत, कडक. पोट फाटलं की नाही ही कसोटी लावून बघतो: जेसन टॉड, फाटलं, बॅटमनशी नातं कायमचं बिघडलं. बकी, फाटलं. सुपरमॅन १९९३, नाही, केस वाढवून आला फक्त. लोकी, पहिल्या दोन वेळा नाही. डाउनी, बघू.

तिसरी घंटा

क्रिस अंडरवुड: स्वतःहून फाडून घेतलं.

कातरकाम

आमच्या शोमधले: पोट फाटायचं ते मागे राहिलेल्यांचं. परत आलेल्यासाठी जागा करायला त्या आठवड्यात दोघं जायचे. त्यातल्या दुसऱ्याचं गाणं कधीकधी एपिसोडमध्ये पूर्ण लागायचंसुद्धा नाही.

अनघा७

हे वाचून मात्र माझं वाइल्ड कार्डचं प्रेम जरा आटलं. त्या दुसऱ्याचं कोणी बोलतच नाही, मीसुद्धा इतका वेळ परत येणाऱ्याच्याच संधीबद्दल बोलत होते. पण मग बंद करा म्हणायचं तर ज्याचा घसा त्या दिवशी बसला होता त्याचं काय? जागा वाढवा ना. दोघांना काढायची काय गरज?

कातरकाम

फायनलची तारीख जाहिरातदारांना आधीच दिलेली असते. आठवडे मोजून माणसं काढावी लागतात.

रिमोटधारी

माझा सेकंड लास्ट शब्द. निवांत यांची कसोटी घेतो, पण एक अट घालतो. किंमत परत येणाऱ्याने द्यायची, बाजूला उभ्या असलेल्या पोराने नाही. कचासाठी गुरूने जीव दिला तो स्वतः ठरवून. त्या दुसऱ्या पोराला कोणी विचारलं होतं का? त्यामुळे क्रिसला सोडलं, गाण्याच्या शोंना नाही सोडलं.

आणि ज्यांनी ज्यांनी "सोडता का" या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही त्यांनी द्या आता. नुसती पुराणं नकोत.

निवांत

सुपरहिरो सोडले नाहीत. गाण्याचे शो केव्हाच सोडले.

बंड्या वादळ

काहीच सोडलं नाही आणि सोडणार नाही. भांडण कितीही शिळं असलं तरी चालतं.

शेंडेफळ

फायनलच बघते फक्त. त्यात तरी कोणी परत येत नाही.

धूमकेतू

शेंडेफळ, फायनलमध्ये सगळे बाद झालेले नाचायला परत येतात. एकत्र. एकाच रंगाचे कपडे घालून.

शेंडेफळ

अरे हो की. मग मी ट्रॉफीची पाच मिनिटं बघते असं लिहा.

तिसरी घंटा

सर्व्हायव्हर अजून बघतो. २०२१ पासून ३९ दिवसांचा खेळ २६ दिवसांचा केलाय, ते मला परत येणाऱ्यांपेक्षा जास्त खुपतं, पण त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. काढू का?

रिमोटधारी

काढा. मी येतोच.